हातिजेचा लेक सेफर

म्हातारा पहाटे पाचला गेला, आणि घरात कुणी मोठ्यानं रडलं नाही. रडणं भिंतीपलीकडे गेलं असतं, भिंतीपलीकडून गावसमितीच्या कचेरीत, आणि मग हातात वेळच उरला नसता.

शुक्रियेनं वडिलांच्या मनगटावरचं बोट उचललं. ती गावच्या दवाखान्यात नर्स होती. मृत्यूची वेळ कागदावर तीच लिहिणार होती.

"मी नऊ लिहिते," ती म्हणाली. "साडेनऊला कचेरीत कळवते. शवपेटी तालुक्याहून येणार, म्हणजे दोनच्या आत काही ते पोचत नाहीत."

"आणि डॉक्टरनं येऊन हात लावला म्हणजे?" मेलाहातनं दाराशी उभ्या उभ्याच विचारलं. "नऊला गेलेला माणूस दहाला लाकडासारखा ताठ कसा?"

"डॉक्टर घाटापलीकडे, आणि घाटात बर्फ. वहिनी, तुम्ही आधी पाणी ठेवा."

मेलाहात जागची हलली नाही. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

रफेत वडिलांच्या पायाशी उभा होता. बावन्न वर्षांचा, अंगानं थोराड, सहकारी शेतीवर तंबाखूच्या तुकडीचा प्रमुख. खिशात कम्युनिस्ट पक्षाचं लाल कार्ड. गेल्या वर्षी जानेवारीत गावाला वेढा पडला आणि घराघरातून माणसं तुर्की नावं टाकून बल्गेरियन नावं घ्यायला शाळेत नेली, तेव्हा यादीत पहिली सही त्याची होती. रफेतचा राद्को झाला. सेफर म्हाताऱ्यानं सही केलीच नाही. तिथल्या कारकुनानं आपल्याच हातानं 'स्तेफान' लिहून टाकलं. त्या दिवसापासून तेरा महिने बाप लेकाशी एक अक्षर बोलला नव्हता. एकाच छपराखाली, एकाच ताटातली मक्याची भाकरी खात. काल संध्याकाळी म्हाताऱ्यानं डोळे उघडले तेव्हा रफेत धावत जवळ गेला होता. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पुन्हा मिटले.

"बाबांना मी आंघोळ घालणार," कोपऱ्यातून धाकटा भाऊ नेव्जात म्हणाला. "तंबाखूच्या कोठीत. कफन, नमाज, सगळं होईल. मग त्यांना काय सूट चढवायचा तो चढवू देत."

"कचेरीच्या भिंतीवरचा हुकूम वाचलास ना?" रफेत म्हणाला. "आंघोळ नाही, कफन नाही, नमाज पढवायला होजा नाही. सूट, पेटी, आणि सरकारी बाईंचं भाषण. सापडलो तर..."

"तर काय? तुकडी जाईल तुझी?"

"तू जाशील! सोमवारी सोमवारी हजेरी लावतोस, विसरलास? आणखी एक कागद तुझ्या नावावर चढला की परत डॅन्यूबमधल्या बेटावरच्या छावणीत. या वेळी परत येशील असं धरून चालू नकोस."

नेव्जात शरद ऋतूत त्या छावणीतून सुटून आला होता. आल्यापासून तो कुठंही भिंतीला पाठ लावूनच बसायचा.

"मग मी घालतो एकटा," तो म्हणाला. "तू बाहेर पहाऱ्याला उभा राहा, कॉम्रेड राद्को. तेवढं तरी येईल ना?"

रफेतचा हात उचललाच होता. शुक्रिये दोघांच्या मधे आली.

"बाबांसमोर?" ती म्हणाली. एवढंच. मग तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. सहाला दहा कमी होते.

"पाणी ठेव," रफेत बायकोला म्हणाला.

*

मेलाहातनं पाणी ठेवलं खरं, पण हात चुलीशी आणि जीव वेगळ्याच गोष्टीत अडकलेला. आता नेव्जात कफन मागणार. आत्ता मागेल, मग मागेल. एकेक लाकूड सारताना तिला तेच ऐकू येत होतं.

तिला या घरात येऊन बावीस वर्षं झाली होती. सासरा तिला कधी वेडंवाकडं बोलला नव्हता. गेलं वर्षभर तर तो नवऱ्याशी बोलायचा नाही म्हणून घरातले सगळे निरोप तिच्यातर्फेच जायचे: "सून, त्याला सांग, छपराची दोन कौलं सरकलीत." रफेत समोरच बसलेला असायचा.

तिचं सगळं लक्ष मुलीवर होतं. गुलतेन एकोणीस वर्षांची, कर्जाली शहरात शिक्षिकेचं शिकत होती, पहिल्या वर्षात वर्गात पहिली आली होती. आजोबा अत्यवस्थ म्हणून कालच आली होती. कॉलेजच्या कागदावर तिचं नाव गालिना. मेलाहातला त्याचं काही वाटत नव्हतं, निदान ती तसं म्हणायची. गालिना तर गालिना; पोरगी तंबाखूच्या डिंकानं बोटं काळी करणार नाही, एवढं पुरे.

"वहिनी," नेव्जात आला. "बाबांच्या लाकडी पेटीतलं कफन काढून द्या."

तिनं लाकूड आत सारलं. ठिणग्या उडाल्या.

"वहिनी?"

"नाहीये."

"नाहीये म्हणजे? पंचवीस वर्षं त्या पेटीत आहे ते. मक्केहून आणलेल्या पाण्यात भिजवून वाळवलेलं."

"कापलं मी ते," मेलाहात म्हणाली. "झडत्या सुरू झाल्या तेव्हा. पलीकडच्या गल्लीत एका घरात कफन सापडलं आणि त्या माणसाला घेऊन गेले. मी रात्रीतून उशांचे अभ्रे शिवले. चार. सासरेबुवा वर्षभर त्याच उशीवर झोपले, भावजी. आत्ताही त्यांच्या डोक्याखाली तीच आहे."

शुक्रिये दारात येऊन उभी राहिली होती, तिच्यामागे गुलतेन.

"त्यांना माहीत होतं?" शुक्रियेनं विचारलं.

"पहिल्याच रात्री कापडावरून हात फिरवला आणि म्हणाले, 'सून, टाके बारीक घातलेस.'" आणि मग मेलाहातला रडू आवरेना. तिनं डोक्यावरच्या रुमालाचा बोळा तोंडात कोंबला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

नेव्जातनं चुलीत एक लाकूड सारलं. शिवीसुद्धा द्यावी अशी ती गोष्ट नव्हती.

"दुकानातून कापड?" गुलतेननं विचारलं.

"पांढरं कापड पाच हात घेतलं की दुकानदार वहीत नाव टिपतो," शुक्रिये म्हणाली. "आणि म्हातारं माणूस आजारी असलेल्या घरात तर..."

रफेत कोट चढवत होता. कुणी विचारायच्या आत तो मागच्या दारानं बाहेर पडला.

तो गेला ती वीस मिनिटं मेलाहातनं कशी काढली तिलाच ठाऊक. तो कळवायला कचेरीत गेला असेल, अशी एक शंका तिच्या मनात येऊन गेली आणि आपल्याच नवऱ्याबद्दल असं वाटलं म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली. नेव्जातच्या मनात तर ते उघड उघड होतं. तो खिडकीपासून हलत नव्हता.

रफेत आला तेव्हा त्याच्या कोटाला पोट सुटलं होतं. बटणं काढली तर आतून पातळ पांढऱ्या कापडाचा गुंडाळा निघाला. तंबाखूच्या रोपवाटिकेवर थंडीसाठी अंथरतात ते. सगळं सहकारी मालमत्तेचं, गोदामाची किल्ली तुकडीप्रमुखाकडे.

"कोरं आहे," तो म्हणाला. "यंदाचं. मोजून घे, पुरेल का."

नेव्जातनं कापड हातात घेतलं, उलगडलं. कडेला निळ्या शाईचा सरकारी शिक्का होता.

"एवढं कापून टाका," रफेत म्हणाला. "त्यांच्या अंगावर सरकारचा शिक्का नको."

*

दोघे भाऊ कोठीत गेले आणि दार आतून लावलं. बायकांना आत जायचं नव्हतं. शुक्रिये बाहेर लाकडाच्या ढिगाशी उभी राहिली, गल्लीवर नजर ठेवून. कुणी दिसलं तर खोकायचं ठरलं होतं. फळ्यांच्या फटीतून वाफ बाहेर येत होती, पाण्याचा आवाज येत होता, आणि नेव्जातचा हलका स्वर.

मग पाण्याचा आवाज थांबला; दोघे नमाजला उभे राहिले असावेत. मग नेव्जात म्हणाला, "हात एकदाच वर करायचे असतात, दादा. पहिल्या तकबीरला, 'अल्लाहु अकबर' म्हणताना. मग नाही."

"विसरलो रे."

"हरकत नाही. चल पुढे."

शुक्रियेनं ऐकलं. दादा म्हणाला तो. वर्षभरात पहिल्यांदा.

नमाज झाल्यावर दोघे बोलू लागले ते मात्र तिला उभ्या जागी गार करून गेलं.

"हाक मी मारणार," नेव्जात म्हणत होता. "माती लोटल्यावर."

"तिथं सार्जंट उभा असेल. त्याला तुर्की कळतं."

"कळू दे. चाळीस वर्षं बाबांनी या गावातल्या प्रत्येक मेलेल्याला हाक मारली. होजा असायचा, पण कबरीच्या उशाशी बसून मेलेल्याला त्याच्या आईचं नाव जोडून हाक मारायला लोक बाबांनाच बोलवायचे. आईला हाक त्यांनीच मारली. आणि त्यांना कोण हाक मारणार? खाली दोन फरिश्ते येऊन विचारणार, तू कोण, आणि बाबा काय सांगणार, स्तेफान?"

"मनातल्या मनात म्हण."

"मनातल्या मनात हाक मारतात होय?"

नेव्जात पाठ आहे का बघायला ते शब्द पुटपुटू लागला. शुक्रियेनं फळीला कान लावला. लहानपणापासून तिनं ते कानावरून जाताना ऐकलं होतं, पण बायका कबरस्तानात जात नाहीत, त्यामुळे शेवटापर्यंत कधीच नाही. तिनं ते एकदा ऐकलं. नेव्जात एका जागी अडखळला म्हणून त्यानं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. तिनं दुसऱ्यांदाही ऐकलं. दवाखान्यात औषधांची लांबच लांब नावं तिची अशीच पाठ व्हायची.

पावणेदोनला गाडी आली. पेटी, दोन माणसं, पोलिसांचा सार्जंट, आणि अंत्यविधीच्या सरकारी अधिकारी कॉम्रेड राय्नोवा, काळा कोट, हातात भाषणाची फाइल. म्हातारा सूट घालून खाटेवर निजला होता. सूट रफेतच्या लग्नातला, आता बापाला ढगळ. राय्नोवाबाई जवळ गेल्या, टाय सरळ करायला हात घातला आणि थांबल्या. कॉलरच्या आतून पांढऱ्या कापडाची कड डोकावत होती.

"हे काय?"

नेव्जातनं भिंत सोडली. तेवढ्यात मेलाहातच पुढं झाली, पहाटे जी पाणी ठेवायलाही हलली नव्हती तीच.

"आतली बंडी आहे, बाई. दोन घातल्यात," ती बल्गेरियनमध्ये म्हणाली. "फार थंडी वाजायची त्यांना. सवय होती."

राय्नोवाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांचं वय साठीच्या घरातलं असेल. मग त्यांनी टाय वर सरकवला, कड झाकली गेली, आणि म्हणाल्या, "पेटी बंद करा. बर्फ पडायच्या आत उरकू."

नवं कबरस्तान टेकडीवर होतं, एका रांगेत सिमेंटच्या पाट्या. सरकारी पद्धतीत बायकांनी यावंच लागे, म्हणून गावातल्या बायका आल्या होत्या, डोक्यावरचे रुमाल मागं बांधून. हनुवटीखाली बांधायला बंदी होती. सगळे मिळून तीसेक माणसं. राय्नोवाबाईंनी भाषण वाचलं: प्रामाणिक श्रमिक स्तेफान, ज्याचे हात या मातीत राबले. माती लोटली. बाई फाइल मिटत होत्या.

शुक्रियेला भावाचा खांदा दिसत होता. त्यानं श्वास भरून घेतला, एक पाऊल कबरीच्या उशाकडे टाकलं. सार्जंटनंही पाहिलं, त्याचा हात पट्ट्याकडे गेला.

आणि शुक्रिये किंचाळली.

ती भावाला ढकलून पुढं गेली, गुडघ्यावर पडली, दोन्ही हात ओल्या मातीत खुपसले आणि छाती फुटेल अशी रडायला लागली. सुरुवातीला नुसतं रडणंच होतं, पहाटेपासून अडवून धरलेलं. मग त्या रडण्याच्या चालीतच शब्द यायला लागले.

"बाबा रे, माझे बाबा! सेफर! हातिजेच्या लेका सेफर! आता तुझ्याकडे दोघे येतील रे, भिऊ नको! तुझा मालिक कोण विचारतील, सांग, अल्ला! तुझा नबी कोण विचारतील..."

"हे काय चाललंय?" सार्जंट ओरडला. "ए! उठ! बंद कर!"

तो तिच्याकडे निघाला. रफेत मधे उभा राहिला. अंगावर गेला नाही, हात उचलला नाही, नुसता उभा राहिला, त्या थोराड शरीरानं वाट अडवून.

"रडतेय, कॉम्रेड सार्जंट. बाप गेलाय तिचा."

"बाजूला हो, राद्को."

"रडू दे तिला. झालंच आता."

मागं शुक्रियेचा आवाज चढला, शेवटाकडे आला, एकही शब्द न गाळता. "हातिजेच्या लेका सेफर, विसरू नको!" आणि ती गप्प झाली. तिनं तोंडावरचा चिखल पुसला आणि स्वतःच उठून सार्जंटसमोर जाऊन उभी राहिली.

नेव्जात जिथं होता तिथंच होता. त्याच्या तोंडातून शब्द निघाला नव्हता. त्याच्यावर लिहायला कुणाकडे काही नव्हतं.

*

गुलतेनला दुसऱ्या दिवशी दहा वाजता कचेरीत बोलावलं.

आत्या रात्रभर तिथंच होती. वडिलांची तुकडी सकाळीच गेली. निरोप घेऊन आलेल्या माणसानं किल्ल्या मागून घेतल्या. आई आजोबांच्या नावाचा हलवा ढवळत होती आणि तो चुलीवर लागला तरी तिला कळलं नाही.

"खरं तेच सांग," आई दारात म्हणाली. मग म्हणाली, "नको, सांगू नको." मग तिनं मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि काहीच बोलली नाही.

काकानं तिला कोपऱ्यापर्यंत सोडलं. "माझं नाव घे," तो म्हणाला. "मीच शिकवलं म्हण. ते तिला सोडतील."

"काका, घरी जा."

कचेरीत सार्जंट होता आणि तालुक्याहून आलेला एक साहेब, चांगल्या कोटातला, हसऱ्या तोंडाचा. समोर कोरा कागद.

"बस, गालिना," साहेब म्हणाला. "शिक्षिका होणार म्हणे. छान. तुझ्या प्राचार्यांना मी ओळखतो. कालच फोनवर बोललो."

ती बसली. 

"काल तीस माणसं होती," साहेब म्हणाला. "एकोणतीस म्हणतात, वारा होता, ऐकू आलं नाही. गावाला एकदम बहिरेपण आलंय. सार्जंटनं ऐकलं, पण त्याचं एकट्याचं पुरत नाही. तू अगदी जवळ होतीस. तुझ्या आत्यानं मृताला कुठल्या नावानं हाक मारली आणि पुढं काय म्हणाली, तेवढं लिहायचं. चार ओळी. मग तू संध्याकाळच्या बसनं कॉलेजला."

"आणि आत्या?"

"ते आम्ही बघू."

गुलतेननं पेन उचललं. आत्याचा आवाज तिच्या कानात शब्द न् शब्द होता. 'वारा होता' असं लिहावं तर तो फोन उचलणार. खरं लिहावं तर आत्या त्या बेटावर. बायकांना कुठं पाठवतात तेही तिला ठाऊक नव्हतं. पेनाचं टोक कागदावर टेकलं आणि शाईचा ठिपका पसरत गेला.

मग तिला परीक्षेतला प्रश्न आठवला. पहिल्या सत्रात इतिहासाचा. तिनं उत्तर लिहिलं होतं, पैकीच्या पैकी गुण मिळाले होते: या भागात तुर्क कधीच नव्हते, येथील लोक मूळचे बल्गेरियन.

"साहेब," ती म्हणाली, "मला नाही कळलं ती काय म्हणाली ते."

"ऐकू नाही आलं?"

"आलं. स्पष्ट आलं. पण ती बल्गेरियनमध्ये नव्हती बोलत."

"तुर्कीत बोलत होती. मग?"

"मला तुर्की येत नाही."

सार्जंट फिसकन हसला. साहेब हसला नाही.

"घरी कुठली भाषा बोलतेस, पोरी?"

"बल्गेरियन. आम्ही बल्गेरियनच आहोत ना, साहेब? आम्हाला कॉलेजात तसंच शिकवतात." तिनं पेन पुन्हा कागदावर टेकवलं. "मला तुर्की येतं असं मी लिहून दिलं तर ते खोटं होईल. आणि तसं सही करून दिलं तर... तुम्हीच सांगा, कसं लिहू?"

साहेबानं सार्जंटकडे पाहिलं. सार्जंटनं खिडकीकडे. टेबलावरचा फोन वाजला आणि कुणी उचलला नाही. वाजून वाजून बंद झाला.

"लिही तसंच," शेवटी साहेब म्हणाला. त्याच्या तोंडावरचं हसू आता कुठंच नव्हतं. "तुझ्या शब्दांत."

तिनं लिहिलं, खाली गालिना अशी सही केली. त्यानं कागद दोनदा वाचला.

"हुशार आहेस," तो म्हणाला. "लक्षात राहशील."

त्याचा अर्थ काय लावायचा, ते पुढं कितीतरी महिने घरात कुणाला कळलं नाही. कॉलेजमधून पत्र येईल म्हणून मेलाहात रोज पोस्टमनच्या वाटेला डोळे लावून बसायची, आणि तो न थांबता पुढं गेला की तिला बरं वाटायचं आणि उद्याची धास्ती लागायची.

पण त्या दिवशी दुपारी आत्याला सोडलं. सार्वजनिक शांततेचा भंग, पंधरा दिवस रस्ते झाडायचे, आणि दवाखान्यात नर्सऐवजी धुलाईला. दोघी चिखलातून घराकडे निघाल्या. आत्याच्या नखांत अजून कालची माती होती.

"तुला काय विचारलं?" आत्यानं कचेरी मागं पडल्यावर विचारलं.

गुलतेननं सांगितलं. आत्या रस्त्याच्या मधोमध थांबली.

"तुर्की येत नाही म्हणालीस?"

"हो."

"आणि त्यानं लिहून घेतलं?"

"सहीनिशी."

शुक्रियेचे खांदे हलायला लागले. गुलतेनला वाटलं रडतेय. पण ती हसत होती, तोंडावर हात दाबून, डोळ्यांतून पाणी काढत. समोरून पोस्टमन येत होता. दोघींनी माना खाली घातल्या, रुमाल पुढं ओढले, आणि सुतकातल्या बायकांसारख्या त्याच्या बाजूनं गुपचूप निघून गेल्या.